मदत हवी आहे: काचेला चिकटलेली रविवर्मा प्रेसची लक्ष्मी

आजोळच्या देवघरात लक्ष्मीची जुनी तसबीर आहे, साधारण 14 × 20 इंच. खाली इंग्रजी अक्षरांत रविवर्मा प्रेस आणि मळवली एवढं वाचता येतं. त्यापुढची अक्षरं कसरीने खाल्लीत. लुगड्यावर कुणीतरी फार हौसेने जरी-टिकल्या शिवल्या आहेत, त्या मला तशाच ठेवायच्या आहेत.

भिंगातून पाहिलं. ठिपके वेडेवाकडे, दाट-विरळ आहेत; ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रछपाईची, एकसारखी जाळी दिसत नाही. म्हणजे शिळाछापच (दगडावरून केलेली छपाई) असावी. पण चित्रकार राजा रविवर्मा यांचा हा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांनी विकत घेतल्यावरही नाव तेच राहिलं. त्यामुळे नुसत्या नावावरून काळ ठरत नाही.

खरी काळजी वेगळीच. उजवीकडचा खालचा कोपरा काचेला चिकटलाय. मागची फळी काढली, पण कागद ओढला नाही, पाणीही लावलं नाही. विकायची नाही, आजीला दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला ती परत जागेवर हवी आहे. मी सांगलीत असतो, पुण्या-मुंबईला नेऊ शकतो.

छापखान्याच्या विक्रीच्या आधीची छपाई आणि नंतरची, हे कशावरून ओळखायचं? आणि टिकल्यांना धक्का न लावता कागद काचेपासून सोडवता येतो का, की काचेसकटच ठेवावा?