कॅमेऱ्याचे अलर्ट घरच्या ग्रुपवर आणायचेत, कबुतरं वगळून

भांडुपकर_७
मंडळी, गणपतीला गावी जायच्या आत हे मार्गी लावायचंय. दोन वायफाय कॅमेरे लावलेत, एक दाराबाहेर पॅसेजमध्ये आणि एक गॅलरीत. अलर्ट येतात पण फक्त माझ्या फोनवर, आणि मी तेव्हा लोकलमध्ये लटकलेला, बघणार कोण. आई, बायको, भाऊ सगळे असलेल्या ग्रुपवर फोटोसकट पडायला हवा. व्हॉट्सॲपवर जमेल का? आणि गॅलरीत कबुतर बसलं की अलर्ट, दोरीवरचा गाऊन हलला की अलर्ट, काल सकाळी ११ पर्यंत ६३ झाले, डोकं उठलंय.

जुगाडू_मुलुंड
व्हॉट्सॲपचा नाद सोड, त्यात जुगाड केलास तर नंबर बॅन व्हायची भीती. टेलिग्राम घे. तिथे बॉटफादर नावाचा बॉट (आपोआप मेसेज पाठवणारं खातं) आहे, तो फुकटात तुझा बॉट बनवून टोकन देतो (हे टोकन कुणाला दाखवू नकोस, ती घराची किल्लीच समज). बॉट ग्रुपमध्ये ॲड कर आणि ग्रुपचा चॅट आयडी (त्या ग्रुपचा ओळख नंबर) काढ. तो मायनसने सुरू होतो, मी मायनस न लावता अख्खा रविवार घालवला, बायको म्हणाली त्यापेक्षा वॉचमनला चहा पाजला असतास. आयडी काढताना ग्रुपमध्ये स्लॅश लावून काहीतरी टाईप कर, साधा मेसेज बॉटला दिसतच नाही.

पागडीवाला
@जुगाडू टोकन ठीक आहे पण फोटो पाठवणार कोण? कॅमेऱ्याचं ॲप टेलिग्रामला पाठवत नसेल तर मध्ये काहीतरी लागणार. आधी कॅमेरा आरटीएसपी (दुसऱ्या सॉफ्टवेअरला लाईव्ह व्हिडिओ द्यायची सोय) देतो का बघ, सेटिंगमध्ये असतं, पोर्ट बहुतेक ५५४. देत असेल तर जुन्या लॅपटॉपवर फ्रिगेट (व्हिडिओत काय दिसतंय ते ओळखणारं सॉफ्टवेअर) आणि होम असिस्टंट (त्यावरून बॉटला अलर्ट पाठवायला लावणारं) टाक. फ्रिगेट माणूस आणि पक्षी वेगळे ओळखतं, फक्त माणसावर अलर्ट ठेव म्हणजे कबुतरं आणि गाऊन दोन्ही सुटले. ओळखायला कमी रिझोल्यूशनचा सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचा दुसरा, हलका व्हिडिओ) दे, नाहीतर लॅपटॉप तापून पंखा विमानासारखा वाजतो. पावसाचे थेंब रात्री इन्फ्रारेडमध्ये चमकतात, त्याचे अलर्टही यानेच बरेच कमी होतात. राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून घरात शिरायची वाट) उघडू नकोस, बॉटला मेसेज पाठवायला ते लागतच नाही.

वहिनी_परळ
पॅसेजच्या कॅमेऱ्यात समोरच्यांचं दार येत नाही ना ते आधी बघा हो, आमच्या मजल्यावर यावरून दोन महिने अबोला होता. मास्किंग करून तेवढा भाग काळा करता येतो. आणि लाईट गेली की राउटरही जातो, त्याला छोटा यूपीएस लावा, गावी बसून काय करणार.

भांडुपकर_७
झालं एकदाचं, सगळ्यांना थँक्यू. मध्येच मेसेज यायचे बंद झाले होते, ग्रुपचा सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठ्या ग्रुपचा प्रकार) झाला आणि आयडीच बदलला, नवीन टाकल्यावर चालू. पॅसेजमध्ये समोरचं दार काळं केलं, वहिनी. पहिला अलर्ट आला तो गॅलरीतून, आईच, हातात कबुतरं हाकलायची काठी. तिने ग्रुप म्यूट केलाय.