डावखुऱ्या मुलीला क्रोशे शिकवतेय, तोरणापाशी अडलंय – मदत हवी आहे

मैत्रिणींनो, शेजारची मुलगी सुट्टीत माझ्याकडे क्रोशे शिकायला येते. हात झरझर चालतो तिचा, पण ती डावखुरी आणि मी उजवी. शेजारी बसवलं की गोंधळ व्हायचा. समोरासमोर बसवलं तर आरशात बघितल्यासारखं तिला पटकन जमलं. साखळी, मुका खांब, खांब या टाक्यांपर्यंत गाडी व्यवस्थित आली. गोल रुमालही छान सपाट बसतो. आधी १२ खांब, मग २४, मग ३६, असे दर फेरीला १२ वाढवायचे. फेरी उलट्या दिशेने गेली तरी तिथे काही बिघडत नाही.

अडलंय ते तोरणापाशी. तिला जाळीच्या विणीत चौकोन भरून ‘शुभ लाभ’ घालायचंय. (पहिल्याच तोरणात अक्षरं! पण हौसेला मोल नाही.) आलेखाची (कुठले चौकोन भरायचे ते दाखवणाऱ्या नमुन्याची) पहिली ओळ मी उजवीकडून डावीकडे वाचते. तिची वीण डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून तिने तशीच वाचून विणली तर अक्षरं उलटी उमटणार. मग तिने ती ओळ डावीकडून वाचायला घ्यावी, की माझ्यासारखंच विणून शेवटी तोरण पालथं करून टांगावं? जाळीला उलट-सुलट फारसं कळत नाही, पण खालच्या झालरीचं काय? ती पालथी दिसेल ना?

कुणी स्वतः डावखुरी असेल किंवा डावखुऱ्यांना शिकवलं असेल तर सांगा. ‘उजव्या हातात सुई दे’ हा सल्ला आजीने देऊन झालाय, तो कृपया नको.