वॉर्नर दुकानातून थेट सुपर बोलमध्ये पोचला नाही

कर्ट वॉर्नर 'किराणा दुकानातून थेट सुपर बोल'मध्ये, म्हणजे NFL या अमेरिकन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्यात, पोचला असं सांगतात, ते अर्धंच खरं. हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाच्या संघात शेवटच्या वर्षापर्यंत बाकावरच होता, १९९४ च्या ड्राफ्टमध्ये (NFL संघ नवे खेळाडू निवडतात ती फेरी) त्याला कुणी घेतलं नाही, ग्रीन बे या NFL संघानेही सराव शिबिरातून परत पाठवलं, इथवर ठीक. पण १९९५ ते ९७ तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल (बंदिस्त सभागृहातला छोटा प्रकार) खेळला, ते का गाळायचं? तिथे मैदान ५० यार्ड लांब, खेळाडू आठ-आठ. जागाच नसल्यामुळे चेंडू झटकन सोडावा लागतो, रेंगाळलात तर बचावपटू अंगावर आलाच. १९९९ मधले रॅम्स या NFL संघासाठीचे ४१ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) याच सवयीवर उभे आहेत.

मधे १९९८ चा NFL च्या युरोपातल्या लीगमधला अ‍ॅमस्टरडॅम संघाकडचा हंगामही आहे. आणि १९९९ च्या विस्तार ड्राफ्टसाठी (नवा संघ इतर संघांनी मोकळे ठेवलेले खेळाडू उचलतो ती फेरी) रॅम्सने त्याला मोकळं ठेवलं होतं, तरी क्लीव्हलंडच्या नव्या संघाने त्याला उचललं नाही!