पहिली ई-सायकल घेताना : तुमचे अनुभव लिहा

कोथरूड, पुणे

ई-सायकल घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका चार्जमध्ये किती जाते?" कोथरूड ते बाणेर रोज ऑफिसला ई-सायकलने जायला लागल्यापासून मलाही ओळखीतले सगळे हेच विचारतात. आधी दुसरं काहीतरी विचारायला हवं, असं माझं ठाम मत झालंय. ही सायकल थांबते कशी? आणि रस्त्यावरच्या बाकीच्यांना ती दिसते कशी? तुमचे अनुभव याभोवती हवे आहेत. भारतातले, बाहेरचे, सगळे. सुरुवात मी करते.

आपल्याकडे मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ती मोटार वाहनात धरत नाहीत. लायसन्स नको, नोंदणी नको, नंबरप्लेट नको. सोय मोठी आहे. पण त्यामुळे हेल्मेट घाल, दिवा लाव असं सांगायलाही कुणी येत नाही. काही दुकानदार "मॅडम, स्पीड वाढवून देतो" म्हणतात. ते करू देऊ नका. वेग वाढवला की ती सायकल या सवलतीतून बाहेर जाते आणि ब्रेक मात्र सायकलचेच राहतात.

साध्या सायकलवर आपण साधारण १५च्या वेगाने जातो. ई-सायकलवर २५ सहज गाठला जातो. फरक दहाचाच वाटतो, पण ब्रेक दाबल्यावर लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. शिवाय २५च्या वेगात सेकंदाला सात मीटर मागे पडतात, म्हणजे ब्रेकवर बोटं जाईपर्यंतच एक चारचाकी मावेल एवढी जागा संपलेली असते. आणि समोरच्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते एक बाई, सायकलवर, पाय मारत येणारी. "ही कुठे एवढ्यात येतेय" असा हिशेब करून तो डावीकडच्या गल्लीत गाडी घालतो. पाषाण रस्त्यावर हे माझ्यासमोर वारंवार होतं.

म्हणून मी घेतलेल्या पहिल्या वस्तू : उजव्या हँडलला आरसा, दिवसाही चालू ठेवायचा पुढचा पांढरा दिवा, आणि घोट्याला बांधायच्या चमकणाऱ्या पट्ट्या. या पट्ट्या स्वस्त असतात आणि जॅकेटपेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण पाय वर-खाली हलतात. हलणारी चमक दिसली की मागच्याला लांबूनच कळतं, पुढे माणूस सायकल चालवतोय.

गंगापूर रोड, नाशिक

मी निवृत्त शिक्षक. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी चालणं कमी करायला सांगितलं, सायकलला मात्र परवानगी दिली. मोटर मागच्या चाकात असलेली सायकल घेतली. तिच्याबद्दल एकच गोष्ट सविस्तर लिहितो, ती म्हणजे पंक्चर. दुकानात यावर कुणी बोलत नाही.

मोटर मागच्या चाकात असली की ते चाक पटकन निघत नाही. आसाच्या दोन्ही बाजूंना मोठे नट असतात, आतून खाच असलेले खास वायसर असतात आणि मोटरची वायर एका बाजूने बाहेर आलेली असते. ते वायसर आसाला जागच्या जागी धरून ठेवतात. ते उलटसुलट बसले किंवा नट ढिला राहिला, तर मोटर जोर लावते तेव्हा आसच फिरतो आणि वायर पिळवटून तुटते. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने पहिल्याच दिवशी पाना उचलला, तेव्हा मी त्याला थांबवलं. चाक काढायचंच नाही. सायकल आडवी करायची, टायर एका बाजूने रिममधून सोडवायचा, ट्यूब हाताने बाहेर ओढायची आणि पाण्याच्या टबात तेवढाच भाग बुडवून बुडबुडे बघायचे. भोक सापडलं की घासायचं, सोल्युशन, पॅच, ट्यूब पुन्हा आत. चाक जागेवरच. तो म्हणाला, "काका, जुन्या काळी मालवाहू सायकलीला असंच करायचो." त्याला पद्धत ठाऊक होती, वायर बघून तो बिचकला होता एवढंच.

टायरमधली हवा आठवड्याला बघतो. या सायकली वीस-बावीस किलोंच्या पुढे भरतात. हवा कमी असली की खड्ड्यात रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. हवा भरायचा पायपंप, दाब दाखवणाऱ्या काट्यासकट, ही माझ्या दृष्टीने पहिली खरेदी. बाकी सामान नंतर.

सातारा

आमच्याकडे प्रश्न घाटाचा. यवतेश्वर चढून कासच्या रस्त्याला लागायचं तर चाकातली मोटर हळू वेगात जोर लावत राहते आणि तापते. मी म्हणून पेडलपाशी मोटर असलेली, म्हणजे मिड-ड्राइव्ह घेतली. ती मोटर सायकलचेच गिअर वापरते. चढाला हलका गिअर टाकला की मोटरलाही हलकं जातं. किंमत जास्त, आणि चेन लवकर झिजते हेही खरं, कारण मोटरची सगळी ताकद चेनमधूनच जाते. सपाटीवर राहणाऱ्यांनी एवढा खर्च करायची गरज नाही.

पण खरं सांगायचंय ते उताराबद्दल. २५ला मोटर मदत बंद करते, सायकल थांबवत नाही. उतारावर जड सायकल आपोआप पस्तीस-चाळीस घेते. मेकॅनिकल, म्हणजे केबलने ओढले जाणारे डिस्क ब्रेक असतील तर केबल ताणली जाते आणि लिव्हर हँडलला टेकायला लागतो. लिव्हरपाशी एक गोल दाणेदार चकती असते, ती बाहेरच्या बाजूला फिरवली की केबल पुन्हा घट्ट होते. पाना लागत नाही. घाट उतरण्यापूर्वी मी ती बघतोच. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी दोन्ही जोरात, मग सोडायचे, अंग सीटवर मागे. खाली आल्यावर डिस्कला हात लावू नका, चटका बसतो. आणि चेनला तेल मारताना त्याचा एक थेंबही डिस्कवर जाऊ देऊ नका. ब्रेक गेलाच म्हणून समजा.

ज्यांना परवडेल त्यांनी हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक घ्यावेत. बॅटरी थोडी लहान चालेल.

घोडबंदर रोड, ठाणे

सोसायटीतल्यांसाठी सांगते. बॅटरी निघणारी आहे का, हे सगळ्यात आधी बघा. आमच्या पार्किंगमध्ये पॉइंट नाही, त्यामुळे बॅटरी काढून वर आणते. ३६ व्होल्ट, १०.४ अँपिअर-तास, म्हणजे एका पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटच्याही आतच वीज लागते. बिलात ती कळतही नाही.

चार्जरबाबत मात्र मी कडक आहे. ३६ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्ट देतो, ४८ व्होल्टवाल्या बॅटरीचा ५४.६. पिना काही वेळा सारख्याच असतात. घरात दोन ई-सायकली असतील तर चार्जरवर मोठ्या अक्षरात चिकटपट्टी लावा. चार्जिंग जागेपणीच, गादी-पडद्यांपासून लांब, आणि घराच्या मुख्य दारात तर अजिबात नाही. काही झालंच तर बाहेर पडायची वाट तीच असते. उन्हातून आल्या आल्या लावायची नाही, गार होऊ द्यायची. पडलेली, फुगलेली किंवा वास येणारी बॅटरी घरात ठेवू नका.

पावसाळ्यात लांब झगा-रेनकोट नको. तो मागच्या चाकात अडकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मागचा लाल दिवा झाकतो. पँट-जॅकेट घ्या, आणि मागचा दिवा सीटखालून काढून कॅरिअरच्या टोकाला लावा. पाणी आसापर्यंत चढलेलं असेल तर उतरून ढकलत न्यायची किंवा रस्ता बदलायचा. मोटरला शिंतोडे चालतात, बुडी नाही. शिवाय त्या पाण्याखाली कुठला खड्डा आहे हे कुणाला माहीत.

उट्रेख्त, नेदरलँड्स

इथे सायकलला वेगळा रस्ता आहे, त्यामुळे गाड्यांची भीती कमी. चोरांची जास्त! ई-सायकल म्हणजे त्यांच्यासाठी सोनंच. मागच्या चाकाला फ्रेमवरचं रिंगलॉक आणि शिवाय जाड साखळी, जमिनीत रोवलेल्या लोखंडाला बांधलेली. विमा कंपन्या कुलूप कसलं आहे ते विचारतात. 'एआरटी' या संस्थेचे दोन तारे असलेलं कुलूप बहुतेकांना लागतं, आणि चोरी झाली तर मूळ किल्ल्या दाखवाव्या लागतात. किल्ली हरवू नका.

माझी मुलगी मागच्या सीटवर बसते. पालकांनी कॅरिअरवर कोरलेला आकडा वाचावा. मागची बालसीट साधारण २२ किलोपर्यंतच्या मुलासाठी असते, वर सीटचं स्वतःचं वजन. २५ लिहिलेल्या कॅरिअरवर दोन्ही मिळून बसत नाही, २७ लागतो. दुहेरी स्टँड हवाच. मूल बसवताना एका पायाच्या स्टँडवर ही जड सायकल कलंडते, आणि हात दोनच असतात.

हेल्मेट इथे साध्या ई-सायकलला सक्तीचं नाही, ताशी ४५ वाल्या वेगवान प्रकाराला आहे. आम्ही दोघी घालतो. मोबाइल हातात धरून सायकल चालवायला २०१९पासून बंदी आहे, ते फार चांगलं झालं. हिवाळ्यात बॅटरी घरात आणते. शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करायची नसते.

सांगली

आईसाठी घ्यायचा विचार आहे. वय ६२, साडी नेसते, पूर्वी सायकल उत्तम चालवायची. कुणी सांगेल का, काय बघू?

उट्रेख्त

ताई, मधला दांडा खाली असलेली फ्रेम घ्या. इथले आजी-आजोबा तीच वापरतात. बऱ्याचदा तोल जातो तो चढता-उतरताना. सीट एवढी खाली ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. चाकाला साडीगार्ड लावाच. आणि मोटर सुरू कशी होते ते दुकानात चालवून बघा. स्वस्त सायकलींत सेन्सर फक्त पेडल फिरतंय का एवढंच बघतो. अर्धा फेरा झाला की मोटर एकदम ढकलते. पायाचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर जेवढा जोर तेवढीच मदत मिळते. आईंसाठी हा दुसराच.

कोथरूड

आणि ब्रेक लिव्हरमध्ये कट-ऑफ आहे का बघा. ब्रेकला हलका हात लागला की मोटर बंद व्हायला हवी. सिग्नलला उभं असताना माझी दोन बोटं कायम ब्रेकवर असतात. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानावर, सगळ्यात कमी मदतीवर चालवायला द्या.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

इथे ई-सायकलींचे तीन वर्ग आहेत. पहिल्यात पाय मारले तरच मदत, ताशी २० मैलांपर्यंत. दुसऱ्यात तेवढ्याच वेगापर्यंत थ्रॉटल, म्हणजे पाय न मारता हातानेच मोटर चालवायची. तिसऱ्यात पाय मारून २८ मैल. तिसऱ्याला किमान वय १६ आणि सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं. १८च्या आतल्यांना तर कुठल्याही सायकलवर. माझ्या १५ वर्षांच्या मुलाला मित्रांसारखी, पेडल नावापुरतं असलेली जाड टायरची गाडी हवी होती. त्यातल्या बऱ्याच गाड्या कायद्याने सायकल नाहीतच, मोटरसायकल आहेत. घरात खूप वाद झाला. शेवटी पहिल्या वर्गातली घेतली. 'यूएल २८४९' प्रमाणपत्र बघूनच; ते बॅटरी, चार्जर आणि वायरिंग या सगळ्या विद्युत जोडणीचं मिळून असतं. मुलगा नाराज होता, आता शाळेत त्याच सायकलने जातो.

हेल्मेट बसवायची पद्धत त्याच्या सायकल प्रशिक्षणात शिकवली : भुवईच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एखादं बोट जाईल एवढीच जागा. एकदा आपटलं की ते हेल्मेट टाकून द्यायचं, वरून चांगलं दिसत असलं तरी.

डिचोली, गोवा

आमच्या दमट हवेत वायरींच्या जोडांना हिरवट गंज चढतो. पावसाळ्याआधी जोड उघडून, पुसून, डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे वीज न वाहू देणारं आणि ओल रोखणारं ग्रीस लावतो. प्रेशरच्या पाण्याने धूत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. बाकी काही त्रास नाही.

गंगापूर रोड, नाशिक

सांगलीच्या ताईंना आणखी एक. गाडी ऑनलाइन स्वस्त दिसली तरी गावात किंवा जवळच्या शहरात ती दुरुस्त करणारा कोण, हे आधी फोन करून विचारा. माझ्या ओळखीतल्या एकांची सायकल कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारी डबी, बिघडून महिनोन् महिने पडून होती. कंपनीकडून सुटा भागच येईना. ब्रेकपॅड, टायर, ट्यूब सर्वसाधारण मापाचे असले तर कुठेही मिळतात. कंट्रोलर आणि डिस्प्ले मात्र त्याच कंपनीचे लागतात. आईंना घेऊन नाशिकला येणं झालं तर माझी सायकल चालवून बघा. गंगापूर धरणाच्या बाजूचा रस्ता सकाळी मोकळा असतो.