मदत हवी आहे: अनुदानाच्या प्रस्तावात मागे पडणाऱ्यांना जागा कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी,
आमची छोटी संस्था रोजगार प्रशिक्षणासाठी अनुदानाचा अर्ज करते आहे. अनुदानाचे हप्ते किती जणांना नोकरी लागली त्यावर मिळणार, आणि तिथेच माझं मन अडतं. आकडा गाठायचा म्हटला की निवड आपोआप शिकलेल्या, मोकळा वेळ असलेल्यांकडे झुकते. तान्हं मूल असलेली बाई, कर्णबधिर उमेदवार, शाळा मध्येच सुटलेले मागे राहतात.

विद्यावेतन, प्रवासखर्च, पाळणाघर, सांकेतिक भाषेचा दुभाषी हे मला मूळ अंदाजपत्रकातच हवंय. 'इतर खर्चा'त टाकलं की पहिली कात्री त्यालाच लागते. नोकरी ६ महिने टिकली का, हेही मोजायचं आहे.

अनुदान देणाऱ्यांना पटेल अशी मांडणी कुणी केली आहे का? निवडीचे निकष कसे लिहिलेत, ते कृपया सांगा.