डिंकीवर नवा रंग चढवणे म्हणजे जतन नव्हे

टिळकवाडीकर
गेल्या आठवड्यात 'रंगारी' या सदस्यांनी येथे 'डिंकी' या इंग्रजी खेळण्यांतल्या आपल्या लष्करी गाड्यांची छायाचित्रे टाकली आणि वर असे लिहिले की, रंग उडालेली गाडी म्हणजे भंगार, ती खरवडून नव्याने रंगवल्याखेरीज कपाटात ठेवूच नये, नाहीतर बेळगावच्या पावसात गंजून जाईल. कौतुकाचा वर्षाव पाहून मी गप्प बसणार होतो. परंतु 651 क्रमांकाची सेंच्युरियन, म्हणजे त्या नावाच्या ब्रिटिश रणगाड्याची प्रतिकृती, पोपटी एनॅमलमध्ये बुडालेली दिसल्यावर राहवले नाही.

डिंकीचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते, त्यामुळे त्याला लोखंडासारखा तांबडा गंज चढतच नाही. गंजतात ते आस आणि काही गाड्यांचे पत्र्याचे तळ, आणि त्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात पुरतो. खरी कीड लागते ती प्रामुख्याने युद्धपूर्व मालाला, कारण त्या काळच्या मिश्रणात अशुद्धी म्हणून शिसे शिरत असे. असा तुकडा आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. उष्णतेने व दमट हवेने ही क्रिया वेग घेते, पण मूळ दोष धातूच्या पोटात असल्याने वरून कितीही रंग दिला तरी ती थांबत नाही. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील कारखाना 1979 मध्ये बंद पडला. तेथे लागलेला रंग हाच त्या गाडीचा दस्तऐवज, तो आता पुन्हा कोठून आणणार?

रंगारी
महोदय, आपले रसायनशास्त्र आपल्यापाशी ठेवा. ज्या काळात ही सेंच्युरियन दुकानात होती, त्या काळात ती कॅम्पातल्या साहेबांच्या मुलांकडे असे आणि आम्ही कुंपणाबाहेरून पाहत असू. माझ्या वडिलांना ती परवडली नाही. आज ती भंगारातून माझ्या हाती आली आहे, तर दुकानाच्या काचेमागे जशी दिसे तशीच मला पाहायची आहे, कोणा साहेबाच्या पोराने आपटून पाडलेल्या टवक्यांसह नव्हे. शिवाय दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आपण दरवर्षी रंगवतोच की. तेव्हा कोणी दस्तऐवज नष्ट झाल्याची ओरड करत नाही.

टिळकवाडीकर
मावळ्यांचा दाखला चांगला आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. तो मावळा मात्र कोणी मूळ रंगाचा म्हणून पुढे विकत नाही. आपली सेंच्युरियन उद्या दुसऱ्याच्या हाती जाईल, तेव्हा ती नव्याने रंगवलेली आहे हे आपण तळाला लिहून ठेवणार आहात काय?

निपाणीचा वाचक
या निमित्ताने पुन्हा सांगतो की, या गाड्यांविषयी मराठीत धड पुस्तक मिळत नाही. शक्तिमान ट्रक 1959 पासून जबलपूरला जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर बनू लागला आणि पुढची तीन दशके सैन्याचे ओझे वाहत राहिला. विजयंता रणगाडा चेन्नईजवळच्या अवाडी येथील कारखान्यातून निघाला. आमच्या घरातला मुलगा मात्र टायगर आणि पँथर या जर्मन रणगाड्यांचे सगळे प्रकार घडाघडा सांगतो आणि विजयंता हे कोणा चित्रपटाचे नाव समजतो.

टिळकवाडीकर
आपली तक्रार योग्य आहे, पण ती प्रत्येक धाग्यावर असते. मुलाला अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात घेऊन जा, खरी सेंच्युरियनही तेथे पाहता येईल.

माजी सुभेदार
खेळण्याच्या रंगावरून एवढे भांडता, आणि आपल्यापैकीच काही जण सराफकट्ट्यावरून जवानांची पदके विकत घेतात त्याचे काय? मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या गावात आहे, त्या गावात छातीवरचे पदक वजनावर विकले जावे आणि आपण त्याला छंद म्हणावे, याची लाज वाटते.

खानापूरकर
सुभेदारसाहेब, ती पदके घेणारा मीच आहे. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असे आणि त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उमटवलेली असे. घरात अडचण आली की ते सराफाकडे जाई आणि सराफ ते मुशीत टाकी. मी घेतलेल्या एका पदकावर 110 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई आहे, म्हणजे बहुधा इराकमधील कुतच्या वेढ्यातला माणूस, जेथे एप्रिल 1916 मध्ये आपल्या फौजेने उपाशीपोटी शस्त्रे ठेवली. मी घेतले नसते तर आज त्याचे पैंजण झाले असते.

माजी सुभेदार
त्याच्या वारसांचा शोध घेतलात काय? नुसते काचेखाली ठेवून उपकार केल्याचा आव आणू नका.

खानापूरकर
घेतला. कडेवर गाव लिहिलेले नसते, हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाला सांगावे लागावे? वारस सापडला तर मी ते त्याला एक पैसाही न घेता देईन. मात्र ज्यांनी विकले त्यांना आपण एक शब्दही बोलत नाही आणि ज्याने वाचवले त्याला चोर ठरवता, हा कुठला न्याय?

वडगावची लेक
विकणाऱ्यांना बोलणे सोपे आहे. माझ्या पणजीने नवऱ्याचे पदक विकले ते मुलांच्या पोटासाठी, कारण पेन्शनचा कागद कोणत्या कचेरीत अडकला होता हे तिला कोणी सांगितले नाही. तिच्या जागी उभे राहून मग छंद आणि लाज यांविषयी बोला.

माजी सुभेदार
ताई, आपल्या पणजींना उद्देशून मी एक अक्षरही लिहिलेले नाही. वारस मिळाल्यास परत देण्याची अट पाळली जाणार असेल, तर खानापूरकरांनी ठेवावे. मनापासून पटले म्हणून नव्हे, मुशीपेक्षा कपाट बरे म्हणून म्हणतो.

वडगावची लेक
आजोबांचे दुसऱ्या महायुद्धाचे पदक अजून घरात आहे. दर खंडेनवमीला आई ते चिंचेने घासून पूजेला मांडते. ब्रिटिश सैनिकांची त्या युद्धाची पदके कोरी असत आणि भारतीयांच्या पदकांवर नाव असे, असे ऐकले होते. आमच्यावरचा क्रमांक मात्र आता जेमतेम लागतो.

खानापूरकर
कृपा करून ते घासणे आजच थांबवा. गोल पदकाचे नाव कडेवरच असते, आणि आंबटाने व घासण्याने धातूबरोबर अक्षरेही झिजतात. कोरड्या मऊ कापडाने पुसावे आणि पूजेला काळसरच मांडावे. त्याआधी कडेचे छायाचित्र तिरप्या उजेडात काढून ठेवा.

रंगारी
म्हणजे ताईंच्या मातोश्री आणि मी एकाच आरोपाचे धनी झालो. ठीक आहे, थोर संग्राहकांच्या आज्ञेवरून पुढच्या गाडीला ब्रश लावणार नाही आणि सेंच्युरियनच्या पोटाखाली 'नवा रंग' असे लिहीन. तिचे रबरी पट्टे मात्र कडक होऊन तुटले आहेत. नवे पट्टे बसवणे चालते की तेही पाप?

टिळकवाडीकर
पट्टे बसवा. जुने तुकडे पाकिटात घालून डब्यातच ठेवा.