१९५१ च्या शेव्हरलेमध्ये २१६ च्या जागी २३५ इंजिन: काय बसतं, काय अडतं?

फोंडा_स्टाइललाइन:
गाडी १९५१ ची शेव्हरले स्टाइललाइन, तीन गिअर, ६ व्होल्ट. मूळ २१६ च्या (आकडा म्हणजे इंजिनाचे घन इंच) दोन कनेक्टिंग रॉडमधला व्हाइट मेटलचा बेअरिंग-थर गेलाय, क्रँकवर चरे आहेत. समोर तीन पर्याय: ट्रकमधून निघालेलं २३५ (१९५८ च्या सुमाराचं म्हणतात), मॅटाडोरचं डिझेल (गॅरेजवाल्यांचा आग्रह त्यालाच) किंवा ३५० व्ही-८. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल बदलायचा नाही. २३५ थेट बसेल का?

वेर्णा_लेथ:
दादा, २३५ च घ्या. पण पैसे देण्याआधी ते प्रेशरचं, म्हणजे रॉडच्या बेअरिंगलाही दाबाने तेल देणारं, आहे याची खात्री करा. वरचं व्हॉल्व्ह कव्हर कडेच्या चार स्क्रूंनी धरलेलं असेल तर १९५४ किंवा नंतरचं. वरून दोन नटांवर असेल तर जुनं. कव्हर अदलाबदल झालेलं असू शकतं, म्हणून चेंबर (खालचं तेलाचं भांडं) उतरवून रॉडमध्ये शेल बेअरिंग (सुटे, अर्धगोल पातळ तुकडे) डोळ्यांनी बघा. रॉडच्या टोपीखाली तेल उचलणारा चमचा दिसला तर ते इंजिन तुमच्या २१६ च्याच जातीचं, नाद सोडा.

आता बसवणं. मागची बाजू सगळी तुमची जुनीच ठेवा: फ्लायव्हील, क्लच, क्लच हाउसिंग, सेल्फ (स्टार्टर). ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३९ दात, १२ व्होल्टच्याला १६८. यात भेसळ झाली की सेल्फचा पिनियन दात खातो. ठिणगीच्या टायमिंगची खूण म्हणजे फ्लायव्हीलमधली स्टीलची गोळी, हाउसिंगच्या खिडकीतून दिसते. जुनं फ्लायव्हील ठेवलं की तीही जागेवर राहते.

खरी कटकट पुढे आहे. ट्रकच्या इंजिनाची फ्रंट प्लेट (पुढच्या तोंडावरची, इंजिन माउंटिंगवर टेकवणारी पट्टी) तुमच्या माउंटिंगला जुळणार नाही, २१६ ची लावावी लागेल. ती टायमिंग गिअरच्या मागे असते. म्हणजे रॉकर, पुशरॉड, टॅपेट काढा, मग कॅमशाफ्टच्या गिअरमधल्या दोन भोकांतून, कॅम जागेवर धरणाऱ्या थ्रस्ट प्लेटचे स्क्रू सोडून कॅम गिअरसकट बाहेर ओढा. गिअर कॅमवर प्रेसने बसवलेला असतो, त्याला पुलर लावू नका. टायमिंग कव्हरचे दोन बोल्ट मागून, चेंबरच्या आतून येतात. ते विसरून कव्हर उचकटलं तर वाकतं आणि पुढच्या सीलमधून तेल गळत राहतं. आपल्याकडे बहुतेक गळती तिथलीच असते.

१९५५ पासूनच्या २३५ चा वॉटर पंप वर बसतो, त्यामुळे फॅन रेडिएटरच्या मध्यावर राहत नाही. जुना पंप ॲडॉप्टर प्लेट घालून लावा. प्लेट लेथवर होते, पण दोन्ही तोंडं सपाट हवीत, दोन्हीकडे गॅस्केट हवं. पंप, क्रँक आणि डायनॅमोच्या पुली एकाच रुंदीच्या आणि एका रेषेत आहेत ना बघा. जुना पट्टा रुंद, नंतरचा अरुंद.

ट्रकचं चेंबर आणि तुमचं शेजारी ठेवून खोलगट भाग ताडून बघा, फरक असेल तर तुमचं लावा. आणि मीटर! २१६ चा ऑइल मीटर ३० पीएसआयपर्यंतच असतो. २३५ त्याला शेवटच्या रेषेवर चिकटवून ठेवेल आणि दाब खरा किती ते कळणारच नाही. ६० चा घ्या.

म्हापसा_टॉर्क:
व्ही-८ चा विचार इथेच सोडा. तुमचा प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत आहे आणि चाकांचा रेटा त्या नळीतूनच गिअरबॉक्सवर येतो. ३५० साठी वेगळं हाउसिंग आणि गिअरबॉक्स आला की नळी जाते. मग मागचा ॲक्सल बदला, स्प्रिंगच्या बैठका वेल्ड करा.

   

डिझेलबद्दल एकच सांगतो: तुमचे वायपर व्हॅक्यूमवर चालतात, आणि डिझेलच्या इनटेकमध्ये तो व्हॅक्यूम नसतो. जूनमध्ये पणजीला जाऊन बघा.

फोंडा_स्टाइललाइन:
२३५ ठरलं. १२ व्होल्ट करू का? आणि आरसीचं काय?

वेर्णा_लेथ:
गरज नाही. २१६ चा डायनॅमो आणि कॉइल लावा, ६ व्होल्टवर छान चालतं. १२ व्होल्ट केलंच तर सेल्फ तोच चालेल, पण एका वेळी चार-पाच सेकंदांवर फिरवू नका. कॉइल, बल्ब, फ्लॅशर, हॉर्नचा रिले बदला, पेट्रोल मीटरला रिड्यूसर (व्होल्ट कमी करणारा) लावा. वायरिंग ६ व्होल्टसाठी जाडच असतं, ते पुरतं.

डिचोली_पासिंग:
आरसीवर इंजिन नंबर बदलतो, त्यामुळे बसवण्याआधी आरटीओची मंजुरी घ्या. नंबर उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरमागच्या पट्टीवर ठोकलेला असतो. ओतीव अक्षरं म्हणजे कास्टिंग नंबर, तो फॉर्मवर लिहू नका. सँडब्लास्टिंग करताना पट्टीवर टेप लावा, घासली गेली तर तपासणीत अडकाल. इंजिन विकणाऱ्याकडून बिल घ्या.

व्हिंटेज नोंदणीचा, म्हणजे २०२१ च्या नियमांतल्या व्हीए नंबरचा विचार असेल तर गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. डिझेल टाकलंत तर तिथेच विषय संपला. २३५ चालेल का, ते राज्याच्या व्हिंटेज समितीला आधी लेखी विचारा. व्हीए नंबरवर गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, हेही लक्षात असू द्या.